पत्नीच्या नावे मिळालेली सरदारकी

प्रश्न : मध्ययुगीन फ्रान्समधील पिएर द कुर्तने हा पत्नीमुळे काउंट (एका परगण्याचा सरदार) झाला, असे वाचले. पत्नीच्या निधनानंतर ती पदवी त्याच्याकडे राहिली का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : राहिली, पण अर्धवट. राजा सहाव्या लुईचा हा नातू ११८४ मध्ये नव्हेर या फ्रान्समधील परगण्याची वारसदार आन्येस हिच्याशी विवाह करून काउंट झाला; मात्र खरा हक्क आन्येसचा आणि तिच्यानंतर त्यांची कन्या मातिल्द हिचा होता. आन्येसच्या मृत्यूनंतरही पिएर कारभार पाहत राहिला, परंतु ११९९ मध्ये एर्वे द दोंझी या सरदाराने त्याला युद्धात हरवले, आणि राजा दुसऱ्या फिलिपच्या मध्यस्थीने झालेल्या तडजोडीत मातिल्दचा हात व नव्हेर एर्वेला मिळून पिएरकडे ओसेर आणि तोनेर हे परगणे एवढेच तहहयात उरले. म्हणजे सासऱ्याची पदवी जावयाने, तीही लग्नाच्याच मार्गाने, घेतली! दुसरी पत्नी योलांद हिच्यामुळे त्याला नामूर (आजच्या बेल्जियममधील परगणा) आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) सम्राटपदही लाभले. १२१७ मध्ये रोम येथे पोपने त्याला मुकुट घातला. मात्र राजधानीकडे जाताना एपिरस या ग्रीक राज्याचा शासक थिओडोर याने त्याला पकडले आणि कैदेतच त्याचा अंत झाला. कॉन्स्टँटिनोपलचा कारभार योलांदनेच चालवला.