अमेरिकेत रीजनल एअरलाइनमध्ये पायलट व्हायचंय? आधी कागदांचं बघ, तास नंतर

तू विचारलंयस की बारामतीला सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालं, लॉगबुकात २१० तास आहेत, भारतात कुठे नंबर लागत नाहीये, आणि एजंट म्हणतोय अमेरिकेत जा, वर्षभर इन्स्ट्रक्टर म्हणून शिकव, १५०० तास भर की रीजनल एअरलाइन (मोठ्या कंपनीच्या नावाखाली छोटी विमानं उडवणारी छोटी कंपनी) उचलतेच. घरचे त्यासाठी जमीन गहाण टाकायला तयार आहेत हे वाचलं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी मूळची नाशिकची, इथे एका रीजनलमध्ये फर्स्ट ऑफिसर (सह-पायलट) आहे, एम्ब्रेअर १७५ हे छोटं जेट उडवते.

एजंटने जे सांगितलं नाही ते आधी. रीजनल एअरलाइन तुला व्हिसा देणार नाही. जाहिरातीतच लिहिलेलं असतं की अमेरिकेत काम करायचा हक्क तुमच्याकडे आधीपासून हवा, म्हणजे सरळ ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा पायलटला जवळजवळ मिळतच नाही, कारण तो व्हिसा ज्या कामाला ठराविक विषयाची डिग्री लागतेच अशा कामासाठी असतो आणि विमान उडवायला कायद्याने डिग्री लागत नाही. २०२२ च्या आसपास पायलट कमी पडत होते तेव्हा काही कंपन्यांनी ऑस्ट्रेलियन लोकांना ई-थ्री व्हिसावर घेतलं, त्याच्या बातम्या अजून फिरतात, पण तो व्हिसा फक्त ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. सोडतीने ग्रीन कार्ड देणाऱ्या डायव्हर्सिटी लॉटरीत भारत बसत नाही. तुझी बहीण न्यू जर्सीत सिटिझन आहे म्हणतोस, तिने तुझ्यासाठी अर्ज जरूर करावा, पण भावंडांची भारतीयांची रांग दीड-दोन दशकांची आहे, त्या भरवशावर करिअर ठरवू नकोस. माझं जमलं कारण नवरा सिटिझन, त्यामुळे ग्रीन कार्डला रांग नव्हती. ज्यांना आईवडिलांमुळे लहानपणीच ग्रीन कार्ड मिळालंय त्यांचंही छान जमतं.

आता त्या एका वर्षाचं गणित बघ. एम-वन, म्हणजे व्यावसायिक कोर्सच्या, व्हिसावर शिकायला आलास तर शिकवायची नोकरी विसर, त्यात प्रॅक्टिकल ट्रेनिंग जेमतेम काही महिन्यांचं मिळतं. एफ-वन, म्हणजे नेहमीचा विद्यार्थी व्हिसा, देणारी शाळा असेल तर कोर्सनंतर १२ महिने ओपीटी (शिकलेल्या क्षेत्रात काम करायची परवानगी) मिळतं, तेव्हा इन्स्ट्रक्टर म्हणून काम करता येतं. चांगल्या हवामानात, म्हणजे अ‍ॅरिझोना-फ्लोरिडात, विद्यार्थी भरपूर असतील तर महिन्याला ८० तास होतात, पण विमान मेंटेनन्सला गेलं, विद्यार्थी आजारी पडला, फ्लोरिडात दुपारची वादळं आली की तास बुडाले. तरी धर की सगळं जुळून आलं आणि १२०० पर्यंत पोचलास. मग ओपीटी संपलं. १५०० झाले असते तरी एअरलाइन विचारणार, कागद कुठेत? आणि तू सामान बांधून परत. मी शिकवत होते तेव्हा माझ्याबरोबरची हुशार पोरं अशीच परत गेलेली पाहिलीत, फार वाईट वाटायचं.

१५०० तासांचा नियम आला कुठून तेही समजून घे, कारण इथल्या नोकरीचं निम्मं त्यातच आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअर या रीजनलचं क्यू-४०० विमान पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत थकवा, ट्रेनिंग, कमी पगार सगळंच बाहेर आलं. फर्स्ट ऑफिसर रात्रभर प्रवास करून सिअ‍ॅटलहून न्यूअर्कला ड्युटीवर आली होती. पुढे कायदा झाला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी (एअरलाइन पायलटचं लायसन्स) लागायला लागलं, तेही १५०० तासांवर. मान्यताप्राप्त कॉलेजची एव्हिएशनची डिग्री असेल तर १०००, सैन्यातल्यांना ७५०. गंमत म्हणजे त्या दोन्ही पायलटांकडे १५०० पेक्षा जास्त तास होते, म्हणून आकड्यावर इथे अजून वाद चालतो. माझं मत विचारशील तर त्याच काळात आलेले विश्रांतीचे नियम जास्त मोलाचे आहेत: ड्युटीआधी १० तास सुट्टी, त्यात सलग ८ तास झोपेची संधी, आणि आठवड्यात सलग ३० तास मोकळे.

काम कसं असतं? साधारण चार दिवसांची ट्रिप, दिवसाला तीन-चार-पाच सेक्टर (उड्डाणं), मग दोन-तीन दिवस घरी. विमान ७६ सीटचं, रंग मोठ्या कंपनीचा, पगार आपल्या छोट्या कंपनीचा. जानेवारीत मिशिगनच्या ट्रॅव्हर्स सिटीसारख्या ठिकाणी पहाटे पाचला हजर व्हायचं, उणे १५ मध्ये टॉर्च घेऊन विमानाभोवती चक्कर मारायची, पंखावर हात फिरवून बघायचं की पारदर्शक बर्फ तर नाही ना. मग डिआयसिंगची (बर्फ काढायची) गाडी येते, आधी गरम केशरी द्रव, त्यावर घट्ट हिरवा, आणि हिरवा पडायला लागला की घड्याळ सुरू, ठराविक मिनिटांत उडायचं नाहीतर परत रांगेत. मला हा भाग मनापासून आवडतो. मात्र पगार बहुतेक कंपन्यांत ब्रेक सुटल्यापासून मोजतात, त्यामुळे गेटवर तासभर अडकलास तरी त्या तासाचे पैसे बहुधा मिळत नाहीत.

२०२२ नंतर पगार खरंच सुधारलेत, नव्या फर्स्ट ऑफिसरला बऱ्याच ठिकाणी तासाला ९० डॉलर आणि महिन्याला साधारण ७५ तासांची हमी, त्याआधी याच्या निम्मेच मिळायचे. पण सगळं सिनियॉरिटीवर चालतं, बेस, सुट्टी, दिवाळीला घरी की डुलुथच्या हॉटेलात, सगळं. नवीन माणूस रिझर्व्हवर बसतो, फोन आला की दोन-तीन तासांत विमानतळावर. घर एका शहरात नि बेस दुसऱ्या शहरात असेल तर जंपसीटवरून (कॉकपिटमधल्या जादा सीटवर बसून) ये-जा करायची आणि बेसजवळ सात-आठ जणांनी मिळून घेतलेल्या क्रॅशपॅडमध्ये बंक बेडवर झोपायचं. लग्न झालेल्यांना हे जड जातं, आधीच बोलून ठेवलेलं बरं.

आणि भरतीही लाटेसारखी असते. २०२२ मध्ये बोनस देऊन बोलवत होते, २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला तसे रीजनलचे नव्या पायलटांच्या ट्रेनिंगचे वर्गही लांबले. इंटरव्ह्यूत चेकराइड (उड्डाणाच्या प्रात्यक्षिक परीक्षा) किती फेल झाल्या ते सगळं रेकॉर्डवर दिसतं, एखादी असेल तर चालते, लपवलेली चालत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, जमीन गहाण टाकू नकोस. कागद नसताना हा रस्ता रीजनलपर्यंत जात नाही. त्यापेक्षा आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग) आणि मल्टी (मल्टी-इंजिन रेटिंग) चालू ठेव, भारतातल्या एटीआर या छोट्या प्रोपेलर विमानांवरच्या जागांवरही लक्ष ठेव, फक्त एअरबसच्या मागे लागू नकोस. तरी यायचंच असेल तर शाळेला एक पैसा द्यायच्या आधी एफएएच्या (इथल्या विमान नियामक संस्थेच्या) डॉक्टरकडून फर्स्ट क्लास मेडिकल करून घे. डीजीसीएचं, म्हणजे भारतातलं, सीपीएल इथे तसंच बदलून मिळत नाही, कमर्शियलची लेखी आणि चेकराइड पुन्हा द्याव्या लागतात, तास मात्र धरतात, त्यामुळे लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर बारामतीच्या शाळेचा सही-शिक्का आत्ताच घे. आणि एजंटने दिलेल्या शाळेचं पत्र बघून एम-वन लिहिलंय की एफ-वन ते इथे कळव, मग पुढचं सांगते.