एका ऑक्सिजनचा फरक

प्रश्न : फायझरची लस उणे ७० अंशांना ठेवावी लागायची, कोविशील्ड मात्र साध्या फ्रिजमध्ये चालायची. असं का?

कोविशील्डमध्ये डीएनए होता, तोही विषाणूच्या कवचात. फायझरच्या लसीत आरएनए. आरएनएच्या साखरेवर, रायबोजवर, दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते. डीएनएच्या साखरेत त्या जागी नुसता हायड्रोजन. ही जोडी साखळीचे दुवे जोडणाऱ्या शेजारच्या फॉस्फेटला जाऊन भिडते आणि साखळी तिथेच तुटते. म्हणजे आरएनएला तोडणारा त्याच्या अंगातच बसलेला आहे. पाण्यात हे घडत राहतं, अल्कलीत झपाट्याने, थंडीत अगदी संथ. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने त्यावर वेगळा मार्ग काढला : लसीतलं पाणीच काढून तिची भुकटी केली. २०२२ मध्ये मंजूर झालेली ती आरएनए लस २ ते ८ अंशांना टिकते. मला या कामाचं फार कौतुक आहे.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पेशींतून आरएनए काढते आहे. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर दोन पट्ट्यांऐवजी खाली नुसता धूसर पट्टा येतो. ट्यूब, टिप्स सगळं ऑटोक्लेव्ह केलं होतं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं होतं.

तो धूसर पट्टा म्हणजे आरएनएचे तुकडे. बहुतेक वेळा दोष आरएनेझचा, म्हणजे आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमचा. हे एन्झाइम आपल्या घामात, बोटांवर असतं आणि चार डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांनी इतकं घट्ट शिवलेलं असतं की उकळलं तरी गार झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतं. त्यामुळे ऑटोक्लेव्हवर विसंबू नका. डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमना मॅग्नेशियमसारखा धातू लागतो, म्हणून तिथे धातूला पकडून ठेवणारं ईडीटीए कामी येतं. आरएनेझला धातूची गरजच नाही. डीईपीसी या आरएनेझ निकामी करणाऱ्या रसायनाने प्रक्रिया केलेलं पाणी वापरा, टिप्सचा डबा वेगळा ठेवा. आणि ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल उचललात, केस मागे सारलेत, की ग्लोव्हज बदला. आळस नको.

प्रश्न : शाळेत केळं, मीठ, भांडी घासायचं लिक्विड आणि थंड अल्कोहोल वापरून पांढरे धागे काढले. तो शुद्ध डीएनए का?

शुद्ध नाही. त्यात आरएनए, प्रथिनं आणि केळ्यातलं पेक्टिनही असतं. पण डीएनए आहे, प्रयोग जरूर करा.

प्रश्न : आरएनएच्या अक्षरांत युरॅसिल, डीएनएच्या अक्षरांत थायमिन. दोन्ही अ‍ॅडेनिनशीच जोडी लावतात, मग वेगळं कशाला?

सायटोसिन हे आणखी एक अक्षर आपोआप अमिनो गट गमावतं आणि त्याचं युरॅसिल होतं. आपल्या प्रत्येक पेशीत दिवसाला अशा शंभराच्या आसपास चुका होतात. डीएनएत मुळातच युरॅसिल असतं, तर खरं कोणतं आणि बिघडलेलं कोणतं, हे कळलंच नसतं. थायमिन म्हणजे मिथाइल गटाची खूण लावलेलं युरॅसिल. म्हणून डीएनएत बिनखुणेचं युरॅसिल दिसलं, की दुरुस्तीचं एन्झाइम ते उपटून टाकतं आणि पेशी तिथे पुन्हा सायटोसिन बसवते. संदेशवाहक आरएनए काही मिनिटं, फार तर काही तास किंवा दिवस जगतो. त्याच्यासाठी मिथाइलची खूण लावण्याचा खर्च पेशी करत नाही.