कॉम्प्युटर हुकलं तर ई अँड टीसी घ्यावं का? मामा म्हणतात हार्डवेअरला स्कोप नाही

सीईटीला ९४ पर्सेंटाइल, जुन्या कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळतंय, नव्या कॉलेजात एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स), आणि मामांचं मत वर दिलंच आहेस. मामांपासूनच सुरू करतो. हे वाक्य टाकणाऱ्यांनी सोल्डर गन हातात धरलेली मी अजून पाहिलेली नाही.

एम्बेडेडच्या, म्हणजे यंत्रांतल्या छोट्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामाच्या मुलाखतीला आम्ही एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी हा मायक्रोकंट्रोलरचा सरावाचा बोर्ड पुढे ठेवतो. काम एवढंच, यूएआरटीवरून (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या सीरियल जोडणीवरून) ११५२०० बॉडला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटांच्या वेगाने, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर 'हॅलो' पाठवायचं. कोड तयार असतो, पण स्क्रीनवर कचरा उमटतो. बहुतेक मुलं टर्मिनलचं सेटिंग बघतात, केबल बदलतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात, मग कोड ओळ न ओळ वाचत बसतात. तिथे चूक नसतेच. स्कोपची, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची सवय असलेली मुलगी किंवा मुलगा टीएक्स पिनला (जिथून डेटा बाहेर जातो) प्रोब लावून एका बिटची रुंदी मोजतो. हवी ८.७ मायक्रोसेकंद, दिसते २७. म्हणजे तिपटीहून थोडी जास्त. आता बोर्डावरचा क्रिस्टल, म्हणजे चिपला घड्याळाचे ठोके देणारा भाग बघायचा: ८ मेगाहर्ट्‌झ. आणि लायब्ररीच्या हेडर फाइलमध्ये एचएसई व्हॅल्यू, म्हणजे याच क्रिस्टलचा वेग, २५ मेगाहर्ट्‌झ लिहिलेली. लायब्ररी २५ धरून घड्याळाला भागून बॉडचा वेग देणारा भाजक काढते, तो तितक्याच पटीने मोठा निघतो आणि खरा वेग ३६८६४ वर येतो. यूएआरटी दोन-तीन टक्के फरक पोटात घालतो, एवढा नाही. २५ चे ८ केले की 'हॅलो'. यात हार्डवेअर किती आणि सॉफ्टवेअर किती, हे मामांना विचारून सांग.

आता तुझं. जुन्या कॉलेजातलं ई अँड टीसी घे. नव्या कॉलेजातलं एआय-डीएस म्हणजे पुष्कळदा कॉम्प्युटरचाच अभ्यासक्रम आणि वर मशीन लर्निंगचे चार विषय. शिकवायला माणसं आहेत का, हा खरा प्रश्न. फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी तपास. एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन) मानांकन शाखेचं असतं, अख्ख्या कॉलेजचं नसतं, त्यामुळे तुझ्या शाखेचं आहे का ते बघ. कॉलेज एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेत असेल तर त्याच्या संकेतस्थळावरच्या त्या फाइलीत मीडियन (सगळे पगार ओळीने लावले तर मधला) पगार असतो. फ्लेक्सवरच्या 'हायेस्ट पॅकेज'कडे बघू नकोस. आणि लॅबमध्ये जाऊन एका बॅचला चालू स्थितीतले स्कोप किती, ते मोज. वीस पोरांत दोन असतील तर चौघं मोजतात आणि सोळा जण रीडिंग उतरवून घेतात.

आयटीत जायचं असेल तर ई अँड टीसीत राहणारी भोकं स्वतः बुजवावी लागतात: डेटा स्ट्रक्चर्स नीट, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय). दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच धर, सी पासून. पॉइंटर पक्के झाले की लिंक्ड लिस्ट न बघता लिहून काढ. गेट या एमटेक प्रवेश परीक्षेचा कॉम्प्युटर सायन्सचा पेपर कुठल्याही इंजिनिअरिंग शाखेतून देता येतो.

हे मात्र सांगायचं राहिलं: गणित सीईटीपुरतं घोकलं असशील तर 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' तुला सोडणार नाही, केटी ठरलेली. आणि कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्या फक्त कॉम्प्युटर आणि आयटीचे फॉर्म घेतात, ते आधी सीनिअर्सना विचारून घे.

पसंतीक्रमाचंही बघ. २०२५ च्या कॅपपासून (सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांपासून) पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो. दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला. तेव्हा मामांचं मन राखायला एआय-डीएस वरच्या सहांत टाकू नकोस.