डोंगराजवळ राहायला येताय? आधी पाण्याची वाट ओळखा

घर घेतलंत, फार छान केलंत. आता पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि वरून येणारं पाणी आवारात कुठून शिरतं, कुठून निघतं, ते स्वतः पाहा. नकाशावर ते कळत नाही.

उताराची माती अडवणाऱ्या भिंतीत छिद्रं असतात, ती कधीही बुजवू नका. ती बंद झाली की मागची माती भिजून जड होते, पाणी साठतं आणि सगळा दाब भिंतीवर येतो. नवे लोक दिसायला बरं म्हणून तिथं सिमेंट लिंपतात, तेव्हा माझा जीव तुटतो. उतारावरची झाडंही राहू द्या. जमिनीला नव्या भेगा, एकाएकी अडकू लागलेली दारं, कलणारे खांब, अचानक गढूळ झालेला झरा, यातलं काही पावसात दिसलं तर सामान आवरत बसू नका. आधी घरातल्यांना घेऊन सुरक्षित जागी जा, मग प्रशासनाला कळवा.

थंडीचं म्हणाल तर उंचीबरोबर गारवा वाढतो, दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश. पण निरभ्र, शांत रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते, म्हणून खोलगट भागातली बाग वरच्या बागेपेक्षा जास्त गारठते. नाजूक रोपं तिथं लावू नका.

उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत दाबलेले ब्रेक तापतात. आणि ओला कचरा रात्री बाहेर नको. एकदा चटावलेलं जंगली जनावर पुन्हा येतं, आणि त्यात बहुधा त्याचाच जीव जातो.