सोलेनॉइड दाब तयार करत नाही, फक्त मागतो

तुमचे प्रश्न दोन आहेत: ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला अंगठ्याएवढा सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने चालणारा छोटा व्हॉल्व्ह) पंधरा बार दाबाचं तेल कसं आवरतो, आणि स्कॅनरवर पी०७४६ हा दोषाचा कोड आलाय, गिअर झटक्याने पडतात, तर सोलेनॉइड बदलून टाकावा का. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलंय, म्हणून आधी पहिला. (हे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल आहे. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, गणित निराळं.)

दाब तयार करतो पंप. तो इंजिनबरोबर फिरतो, त्यामुळे बहुतेक वेळा तेल गरजेपेक्षा जास्तच येतं. जादा तेल किती सोडायचं हे प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह ठरवतो. त्याच्या स्पूलला (आत सरकणाऱ्या दांड्याला) एका बाजूने लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधला मुख्य तेलदाब, ढकलतं. समोरून स्प्रिंग आणि सिग्नलचं तेल अडवतं. लाइन प्रेशर वरचढ झालं की स्पूल सरकतो आणि जादा तेल पंपाकडे परत जातं. सोलेनॉइडचा संबंध फक्त त्या सिग्नलच्या तेलाशी. सिग्नल वाढला की स्पूल सरकवायला जास्त दाब लागतो, म्हणून लाइन प्रेशर वाढतं. खरं ओझं स्पूल उचलतो. पूर्वी हाच सिग्नल थ्रॉटलच्या केबलवरून मिळायचा, आता टीसीएम (गिअरबॉक्सचा कंप्युटर) सोलेनॉइडमार्फत देतो.

टीसीएम इंजिनचा टॉर्क, तेलाचं तापमान आणि शाफ्टचे वेग पाहतो. गाडी आयडलवर असेल तर साधारण चार-पाच बार पुरतात, पूर्ण ॲक्सिलरेटरला पंधराच्याही पुढे जावं लागतं. कायम जास्तच का ठेवत नाहीत? पंप इंजिनची ताकद खातो, तेल तापतं, गिअर आदळतात. कमी ठेवला तर गिअर धरून ठेवणारे क्लच घसरून जळतात.

सोलेनॉइडला सरळ १२ व्होल्ट देत नाहीत. करंट वेगाने चालू-बंद करून त्याची सरासरी साधारण शून्य ते एक अँपिअरमध्ये राखतात आणि टीसीएम तो करंट सतत मोजतो, कारण कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स बदलतो. आता महत्त्वाचं: बहुतेक गिअरबॉक्समध्ये लाइन प्रेशरच्या सोलेनॉइडचा करंट शून्य झाला की दाब कमाल होतो. वायर तुटली तरी क्लच वाचावेत म्हणून ही उलटी रचना. म्हणजे टीसीएमने दोष पकडून करंट सोडून दिला असेल, तर तुमच्या गाडीचे झटके हा मूळ आजार नसून बचाव आहे.

गिअर बदलतानाचा खेळ यापेक्षा नाजूक. एक क्लच सुटायचा आणि दुसरा धरायचा, तेही अर्ध्या-एक सेकंदात. येणाऱ्या क्लचचा पिस्टन आधी तेलाने भरून प्लेटांना जेमतेम टेकवतात, मग एकाचा दाब उतरवत दुसऱ्याचा चढवतात. जुना लवकर सुटला तर आरपीएम उसळतो, उशिरा सुटला तर दोन्ही एकमेकांना अडवतात आणि गाडी अडखळते. त्या क्षणी इंजिनचं इग्निशन मागे खेचून (ठिणगी थोडी उशिरा पाडून) टॉर्कही उतरवतात. गंमत म्हणजे बऱ्याच गिअरबॉक्समध्ये क्लचचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. टीसीएम इनपुट आणि आउटपुट शाफ्टच्या वेगावरून क्लच घसरला का, किती वेळ घसरला हे ताडतो आणि पुढच्या वेळी दाब सुधारतो.

म्हणूनच पी०७४८ आणि पी०७४६ एका मापाने मोजू नका. पी०७४८ विजेचा दोष सांगतो: कनेक्टर, वायर, कॉइल. पी०७४६ म्हणतो की हुकूम दिला, पण परिणाम दिसला नाही. कारण अडकलेला सोलेनॉइड असू शकतं, तसंच कमी तेल, तुंबलेला फिल्टर, दमलेला पंप किंवा व्हॉल्व्ह बॉडीतला (व्हॉल्व्ह बसतात त्या ठोकळ्यातला) झिजलेला बोअर, म्हणजे व्हॉल्व्ह सरकतो ते भोक. ॲल्युमिनियमचा बोअर झिजला की सिग्नलचं तेल बाजूने गळतं, आणि नवा सोलेनॉइड टाकूनही कोड परत येतो. मल्टिमीटरने रेझिस्टन्स बरोबर दाखवला तरी कॉइल शाबूत आहे एवढंच कळतं. आतला व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलाय का हे नाही.

आधी तेलाची पातळी आणि वास बघा. मग टेस्ट पोर्टला प्रेशर गेज लावून स्कॅनरवरचा करंट आणि गेजवरचा दाब शेजारी ठेवून वाचा. प्रत्यक्ष करंट हुकमाप्रमाणे बदलतोय पण दाब हलत नाही, तर दोष तेलाच्या बाजूला. करंटच हुकमाप्रमाणे येत नसेल तर आधी वायरिंग. सोलेनॉइड बदललाच तर टीसीएमने साठवलेलं जुनं लर्निंग (दाबाच्या सुधारणा) पुसून रीलर्न करून घ्या, आणि नव्यावर कॅलिब्रेशनचा आकडा असेल तर तो टीसीएममध्ये भरायला लावा.