पेटीवाल्याचा कान आणि पोस्टमनचं गाणं

प्रश्न : गणपतीला मुलगा पुण्याहून आला होता. आरत्या आटोपल्या की ओटीवर बसून मोबाईलवर एकच अमेरिकन अल्बम लावायचा. गायक जॉन प्राइन, साल 1971. मी गावच्या भजनात पेटी वाजवतो. मला तर हा गृहस्थ नाकात गातो असं वाटलं, चालीही सगळ्या एका साच्यातल्या. इंग्रजी जेमतेम कळतं. यात एवढं काय आहे?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तुमचा कान बरोबर सांगतोय. प्राइन नाकातच गातो आणि तीन-चार कॉर्डच्या (एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीच्या) पुढे सहसा जात नाही. हरकती-मुरक्यांची वाट बघत बसलात तर दुसऱ्या गाण्याला उठाल.

हा शिकागोजवळचा पोस्टमन. टपाल वाटत फिरताना गाणी रचायचा. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने पहिल्या अल्बमसाठी त्याला मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत नेलं. तिथले वादक मुरलेले, 1969 साली एल्विस प्रेस्लीला साथ केलेले. पण इथे त्यांची साथ ऐका. बुवा अभंगाचा अर्थ सांगायला लागले की तुम्ही पेटीवर हात हलका करता ना, तसं वाजवलंय. शब्द पुढे, बाकी सगळं मागे.

म्हणूनच मुलाकडून शब्द समजून घेतल्याशिवाय हा अल्बम हाती लागायचा नाही. ‘हॅलो इन देअर’पासून सुरुवात करा. म्हातारा-म्हातारी दोघंच घरात. मुलं पांगलेली, एक कोरियाच्या युद्धात गेलेला. म्हाताऱ्याला कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला फोन करावासा वाटतो. पण त्याने ‘काय विशेष?’ विचारलं तर सांगणार काय? आपल्याकडे रविवारी मुंबईहून येणारे फोन आठवा. ‘काय विशेष?’ ‘काय नाय, तुजा काय?’ की संपलं. पंचविशीही न गाठलेल्या पोराला हे सुचलं कुठून? लहानपणी तो एका वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा.

मग ‘पॅराडाइज’. हे केंटकीतलं त्याच्या आईवडिलांकडचं गाव, कोळशापायी गेलेलं. रेडीच्या खाणीचे डंपर पाहिलेल्या माणसाला हे गाणं फोड करून सांगावं लागणार नाही. हे एकच गाणं न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालं, त्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन, त्याच्या सख्ख्या भावाचं. वडिलांना टेप ऐकवली तेव्हा ते उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसले; गाणं जूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेटीवर, लागल्यासारखं वाटावं म्हणून! बाप असावा तर असा.

उरलेल्या अकरा गाण्यांत दोन-तीन नुसती थट्टेची आहेत. ती मुलाला आवडत असतील, मला फारशी नाहीत.

आवाजाबद्दल आणखी एक. 1998 साली मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याची पट्टी खाली उतरली, गळा खरखरीत झाला. 2018चा ‘द ट्री ऑफ फरगिव्हनेस’ त्या गळ्यातला आहे. मला तोच गळा जास्त भावतो. पण मुलगा शिमग्याला आला की आधी 1971चाच लावायला सांगा, आणि मध्येमध्ये थांबवून अर्थ विचारा. वैतागला तर वैतागू दे.