कुरिअरने आलेलं समन्स घ्यायचं की नाही?

प्रश्न : माझं लग्न हिंदू पद्धतीने नाशिकला झालं. नवरा न्यू जर्सीत नोकरीला आहे, मी दीड वर्षापासून नाशिकरोडला माहेरी राहते. गेल्या आठवड्यात कुरिअरने तिथल्या कोर्टाचे घटस्फोटाचे कागद आले. बाबांनी सही करून पाकीट घेतलं. आत ३५ दिवसांत उत्तर द्या असं लिहिलंय. आतेभाऊ म्हणतो, भारत हेग करारात आहे, त्यामुळे पोस्टाने आलेलं समन्स चालतं. नवऱ्याच्या वकिलाने ईमेलवर कळवलंय की भारताची कसली तरी हरकत आहे, पण ती अमेरिकेने मान्य केलेली नाही. मी गप्प बसले तर चालेल का?

उत्तर : ताई, आधी ते पाकीट जपून ठेवा. परत पाठवू नका. वरच्या स्टिकरवरची तारीख आणि बाबांची सही तुमच्याच कामाची आहे. कागद चुकीच्या वाटेने आले हे त्यावरूनच दिसतं.

आतेभावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. परदेशी कोर्टाचे कागद बजावण्याबद्दलचा हा करार १९६५ चा. भारत त्यात २००६ साली सामील झाला, पण डोळे झाकून नाही. कलम १० मध्ये कागद थेट पोस्टाने पाठवायची मुभा आहे. मात्र ज्या देशात ते जायचेत त्याची हरकत नसेल तरच, असं त्याच कलमात म्हटलंय. भारताने सामील होतानाच त्या अख्ख्या कलमाला हरकत नोंदवली. म्हणजे कागद दिल्लीला कायदा मंत्रालयाकडे यायचे, तिथून जिल्हा न्यायालयात, आणि मग बेलिफ तुमच्या दारात. कुरिअरवाला या साखळीत कुठेच बसत नाही.

आता नवऱ्याच्या वकिलाचा मुद्दा. करारात सामील होताना एखादा देश ‘एवढं सोडून बाकी मान्य’ असं लिहून देतो, त्याला कायद्यात आरक्षण म्हणतात. आपल्याकडे तो शब्द उच्चारला की भलताच विषय निघतो, म्हणून मी ‘राखीव अट’ म्हणतो. लग्नाची यादी करताना मुलीकडचे ‘बँडचा खर्च आमच्याकडे नाही’ असं लिहितात आणि मुलाकडचे कुरकुरतात, तसंच देशांचंही चालतं. महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या कराराला १९९३ मध्ये मंजुरी देताना भारताने वैयक्तिक कायद्यांबाबत निवेदन जोडलं. नेदरलँड्सने १९९४ मध्ये आक्षेप घेतला की नाव निवेदनाचं असलं तरी ही राखीव अटच आहे आणि ती कराराच्या हेतूशी विसंगत आहे. तरीही दोघांमधला करार मोडला नाही.

पण तुमच्या प्रकरणात हा वाद उद्भवतच नाही. जी सवलत करारानेच देऊ केली आहे, ती घेतली तर इतरांची मान्यता लागत नाही. १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २० हेच सांगतं. भारत त्या कराराचा सदस्य नाही, अमेरिकेनेही त्याला मंजुरी दिलेली नाही, पण त्यातल्या बहुतेक नियमांचा आधार दोन्हीकडे घेतला जातो. शिवाय अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटलंय की पोस्टाने बजावणी चालते ती समोरच्या देशाची हरकत नसेल तेव्हा. वकीलसाहेबांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. भारत ही हरकत कधीही मागे घेऊ शकतो, त्यासाठी कुणाला विचारायला नको. फक्त हेगला रीतसर कळवावं लागतं. आज तरी ती कायम आहे.

तरीही गप्प बसू नका. बजावणी चुकली म्हणजे दावा बुडाला असं नसतं. नवरा तेच कागद उद्या मंत्रालयामार्फत पाठवेल. तसं रीतसर पाठवूनही बजावणीचा दाखला सहा महिन्यांत आला नाही, तर तिथल्या न्यायाधीशांना एकतर्फी निकाल देता येऊ शकतो. म्हणून ३५ दिवसांच्या आत न्यू जर्सीतला वकील गाठा आणि फक्त बजावणी व अधिकारक्षेत्र यांवर हरकत घेणारा अर्ज द्यायला सांगा. ही हरकत न घेताच मूळ दाव्याला उत्तर देऊन बसलात तर ती हातची जाईल.

तिथे हुकूमनामा झालाच, तरी इथे तो आपोआप लागू होत नाही. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवलंय की घटस्फोटाचं कारण ज्या कायद्याने लग्न झालं त्या कायद्यातलं हवं. तुमच्या कागदांत ‘पटत नाही’ एवढंच कारण असेल, तर ते हिंदू विवाह कायद्यात नाही. मात्र तुम्ही आपणहून त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलात किंवा संमती दिलीत तर गणित बदलतं. नाहीतर तो तिकडे मोकळा आणि तुम्ही इकडे कायद्याने त्याची बायको, असा पेच पडेल. पोटगीचा अर्ज नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात आत्ताच टाकलात तर बरं.

आणि त्या ईमेलला ‘मिळालं’ एवढंही उत्तर देऊ नका. भारताची हरकत पोस्टाला आहे, ईमेलला नाही, असं अमेरिकेतल्या काही न्यायालयांनी म्हटलेलं आहे.